शहाजिऱ्याची बादली

बादल्यांवरून वेल्गाने आजवर जितकी भांडणं केली तितकी लोक बांधावरूनही करत नसतील. एग्लुपे गावच्या कारखान्यात तिच्या प्रयोगशाळेसाठी पांढऱ्या, घट्ट झाकणाच्या बादल्या येत, नमुने ठेवायला. आणि आल्या आल्या त्या गावभर पसार होत, कारण खरं सांगायचं तर इतकी चांगली बादली दुकानात मिळत नाही. कुणाच्या तळघरात तिच्यात कोबी आंबत असे, कुणाकडे मध, कुणाकडे खारवलेल्या अळंब्या. वेल्गा कुणाकडे जेवायला गेली की घरची बाई आधी बादली लपवायची आणि मग दार उघडायची. प्रयोगशाळेच्या दारावर तिने स्वतःच्या हाताने पाटी लावली होती, ‘बादली घरी नेणाऱ्याने परत येऊ नये.’ लोक पाटी वाचायचे, हसायचे आणि बादली न्यायचे.

एवढी कडक बाई. आणि कारखान्याचं पहिलं जहाज भरत होतं त्याच दिवशी तिने जे केलं, ते तिनेच करावं, आता याला काय म्हणायचं?

जहाज काही कारखान्याच्या मालकीचं नव्हतं म्हणा. भाड्याचं डच जहाज, नाव हेंड्रिका. पण त्यात भरायचा माल पहिल्यांदाच स्वतःच्या नावाने जाणार होता. एग्लुपेला लाकडाच्या भुशाच्या कांड्या होतात. आसपासच्या करवतगिरण्यांचा भुसा आणायचा, वाळवायचा, यंत्रात दाबायचा की करंगळीच्या पेराएवढ्या कडक, चकचकीत कांड्या पडतात. जाळायला एकदम झकास. आजवर त्या ट्रकमधून एका मोठ्या व्यापाऱ्याच्या गोदामात जायच्या, तिथे दहा गावच्या मालात मिसळायच्या आणि इंग्लंडच्या वीजघरांकडे निघायच्या. एग्लुपेचं नाव कुठेच नाही.

मग युद्ध सुरू झालं. रशिया आणि बेलारूसचा माल युरोपने बंद केला आणि कांड्यांचा भाव असा काही चढला की लोक घरातल्या पोत्यांना कुलूप लावायला लागले. कारखान्याने नवीन यंत्र घेतलं, सगळे हवेत. पुढचा हिवाळा निघाला उबदार. गोदामं तुडुंब भरून राहिली आणि भाव धाडकन खाली आला. इंग्लंडच्या वीजघरांना अमेरिकेहून डोंगराएवढ्या जहाजांतून माल येतोच आहे, तिथे आपल्या चार ट्रकांना कोण विचारतो. व्यापारी म्हणाला, कारखाना मला विकून टाका, यंत्रं मी माझ्याकडे उचलून नेतो. माणसांचं काय, ते तो बोलला नाही.

पण त्याच सुमारास डेन्मार्कची छोटी गावं वेगळेच प्रश्न विचारायला लागली होती. भुसा कुठल्या जंगलातला, कांड्या केल्या कुणी, आम्हाला मिसळलेला माल नको. तिकडच्या एका बेटावर गावकऱ्यांनी मिळून चालवलेलं ऊबघर होतं. एकाच मोठ्या भट्टीत पाणी तापवायचं आणि नळांनी घराघरांत फिरवायचं. ते चालवणारी इंगरलीस नावाची बाई फोनवर वेल्गाशी दोन महिने बोलत होती आणि शेवटी म्हणाली होती, एक जहाज पाठवा, बघू. ते नीट पोचलं तर वर्षभराचा करार. नाही पोचलं तर कारखान्याचा मालक, म्हणजे वेल्गाचा थोरला भाऊ गुनवाल्डिस, व्यापाऱ्याला होकार कळवणार होता. इतकं सरळ होतं ते.

आणि या जहाजाने यावं कधी, तर लीगोच्या दिवशी. समुद्रात वारा होता म्हणून ते अडकलं आणि नेमकं सणाच्या सकाळी धक्क्याला लागलं. लीगो म्हणजे वर्षातली सगळ्यात छोटी रात्र. त्या दिवशी आमच्याकडे कुणी काम करत नाही. दुपारपासूनच लोक शेकोट्या रचतात, बायका फुलांचे मुकुट गुंफतात, पुरुषांच्या डोक्यावर ओकच्या पानांचे चढतात, आणि पहाटेपर्यंत गाणी नि बिअर. सणाला गोदीकामगार मिळणं म्हणजे वाघाचं दूध मिळवणं. गुनवाल्डिसने घरोघरी जाऊन विनवण्या केल्या, तेव्हा कुठे माणसं जमली. त्यातही क्रेन चालवणारा आर्निस फार मोठ्या मनाने आला होता, कारण त्याच्या बायकोचं नावच लीगा. सणाच्या दिवशी तिचा नामदिवस, अख्खं गाव बोलावण्याशिवाय तिच्या अंगणात जमतं.

“चार वाजता मी खाली,” आर्निस सकाळीच म्हणाला होता. “चारला नाही उतरलो तर लीगा मला पाहुण्यांबरोबर भाजून वाढेल.”

“तीनलाच उतरवते तुला,” वेल्गा म्हणाली. “चीज खा आधी.”

हे चीज म्हणजेच सगळ्या घोटाळ्याचं मूळ. लीगोला आमच्याकडे दूध फाडून, त्यात शहाजिरे घालून पिवळंधमक गोल चीज करतात. वेल्गाने आदल्या दिवशी केलं होतं, ते चांगलं डझनभर. आनंदाने तिला झोपच येत नव्हती, मग करणार काय? धक्क्यावर न्यायचं तर झाकणाचं, स्वच्छ काहीतरी हवं. तिने इकडेतिकडे पाहिलं, प्रयोगशाळेत कुणी नव्हतं, आणि तिथल्या तीन बादल्या तिने मोटारीत घालून घरी नेल्या. एक दिवसाचं तर आहे, ती स्वतःशीच म्हणाली. नेमकं हेच वाक्य गावातल्या प्रत्येकाने आजवर तिला ऐकवलं होतं.

सकाळी धक्क्यावर नुसती धमाल होती. समुद्रावर ऊन चमकत होतं, हेंड्रिकाच्या हिरव्या पोटाची झाकणं उघडली होती, गोदामातून कांड्यांचा सोनेरी ढीग बाहेर येत होता. ताज्या पाइनचा वास सगळीकडे. माणसांनी चीज फस्त केलं, बोटं चाटली, रिकाम्या बादल्या तशाच टाकल्या. वेल्गाला उघडी, चिकट बादली बघवत नाही. तिने तीनही नळाखाली खसाखसा धुतल्या, झाकणं लावली आणि नमुन्यांच्या टेबलावर इतर बादल्यांशेजारी ठेवल्या. मग आर्निसने भोंगा वाजवला, क्रेनचा पंजा ढिगात घुसला आणि पहिला घास जहाजाच्या पोटात सुर्रकन ओतला गेला. ती पळतच तिकडे गेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते धुळीमुळे नव्हतं.

“रडतेस काय, वेल्गे,” गुनवाल्डिस म्हणाला. आणि त्याने स्वतःच नाक ओढलं. “अजून अर्धं पण भरलं नाही.”

“मी कुठे रडतेय? तूच नाक पूस, दादा.”

माल तपासायला रीगाहून ब्रूवेरिस नावाचे तपासनीस आले होते. उंच, किडकिडीत माणूस, सणाच्या दिवशीही बुटांना पॉलिश. ते ना खरेदीदाराचे ना विकणाऱ्याचे, दोघांनी मिळून नेमलेले. वेल्गाने मध्येमध्ये ढिगातून नमुना घ्यायचा, बादलीत घालून झाकण लावायचं, आणि ब्रूवेरिसनी आपल्या पत्र्याच्या खोलीत यंत्रावर ओलावा मोजायचा, असं ठरलं होतं. दहा टक्क्यांच्या वर ओलावा गेला की माल परत. ओल्या कांड्या जहाजाच्या पोटात फुगतात, तापतात, वाटेतच पेट घेऊ शकतात. त्यात गंमत नाही.

पहिला नमुना सात. दुसरा सात. वेल्गा आतल्या आत नाचत होती. दुपार झाली, जहाज अर्ध्याहून जास्त भरलं, आर्निस वर काचेच्या खोलीत गाणं म्हणत होता आणि ते खाली ऐकू येत होतं. तिने इंगरलीसला फोटो पाठवले, तिकडून अंगठा आला. मग तिसरा नमुना आत गेला आणि ब्रूवेरिस बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

आले तेव्हा त्यांनी हात वर केला. क्रेन थांबली.

“तेरा,” ते म्हणाले.

“तेरा काय?” गुनवाल्डिसला कळेचना.

“टक्के. दोनदा मोजलं. भरणं थांबवा.”

 हेंड्रिकाचा कप्तान डेक्कर, लाल मानेचा थोराड गडी, जिन्यावरून खाली आला, आकडा ऐकला आणि आपल्या माणसांना झाकणं ओढून घ्यायला सांगायला वळला. ओला माल घेऊन तो समुद्रात जाणार नव्हता, आणि त्याचं चूक नव्हतंच. शिवाय पश्चिमेला, पाण्याच्या कडेवर, ढगांची काळी पट्टी दिसायला लागली होती. पावसात कांड्या भरता येत नाहीत. आज जहाज निघालं नाही तर सण उलटेपर्यंत धक्क्यावर चिटपाखरू नाही, आणि कप्तानाला पुढचं भाडं गाठायचं होतं. आहे तो माल उतरवून तो रिकामा निघून जाईल, एवढंच.

गुनवाल्डिसचं डोकं फिरलं. हा माणूस एरवी गायीसारखा गरीब, पण भीती वाटली की ज्याच्यात्याच्यावर घसरतो. त्याने वर पाहिलं.

“आर्निस, काल रात्री गोदामाचं दार कोणी लावलं?”

“मी,” आर्निसने खिडकीतून डोकं काढलं.

“लावलंस का नुसतं ओढलंस? पहाटे धुकं होतं. दार उघडं राहिलं म्हणून ढीग ओलावला. तुझं लक्ष सगळं बायकोच्या पार्टीत.”

“दार लावलं होतं, गुनवाल्डिस.”

“मग पाणी आकाशातून पडलं? अख्ख्या गावाचं पोट आहे या जहाजावर, आणि तुला कडी घालायला होत नाही.”

 आर्निस सावकाश क्रेनवरून खाली उतरला, हातमोजे काढले, घडी करून खिशात घातले. वीस वर्षं हा माणूस त्या धक्क्यावर क्रेन चालवतो, कधी दोरसुद्धा चुकीच्या खुंटीला अडकवलेला कुणी पाहिला नाही. त्याची मान लाल झाली होती.

“मी घरी जातो,” तो म्हणाला. “पाहुणे आलेत.”

आणि तो जायला लागला. बाकीचे गोदीकामगार एकमेकांकडे बघत होते. आर्निस गेला तर क्रेन चालवायला दुसरा कुणी नव्हता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

वेल्गा या सगळ्यात पत्र्याच्या खोलीत घुसली होती. तेरा कसं शक्य आहे? तिने स्वतः यंत्रातून निघालेली प्रत्येक खेप मोजली होती. गोदामाचं दार सकाळी तिनेच उघडलं होतं, कडी घातलेली होती. मग? तिने तिसरी बादली पुढे ओढली, हात घातला, मूठभर कांड्या उचलल्या. वरच्या कोरड्या, कडक. तळाच्या मात्र मऊ, फुगलेल्या, बोटांत चुरा होणाऱ्या. तिने नाकाशी धरल्या. पाइनचा वास होताच. आणि पाइनच्या मागून दुसरा एक वास, ओळखीचा, घरचा, सणाचा.

शहाजिरे.

तिने बादली उन्हाकडे वळवली. तळाच्या खोबणीत पाण्याचे थेंब होते, आणि झाकणाच्या कडेला, जिथे ब्रश पोचत नाही तिथे, एक वाकडं तपकिरी बी चिकटून बसलं होतं. 

तर हे असं होतं. सकाळी धुतलेली बादली, न पुसलेली, झाकण लावून ठेवलेली. आणि घाईत नमुना घालायला तिने नेमकी तीच उचलली. कोरडी कांडी पाणी असं पिते की विचारू नका. माल कोरडा ठणठणीत होता. ओली होती ती बादली. आणि बादली ओली कुणी केली, तर ‘घरी नेणाऱ्याने परत येऊ नये’ असं लिहिणाऱ्या बाईने.

आता इथे खरं सांगायला हवं. तिच्या मनात आलं, हे बी नखाने काढून टाकावं. बादली उपडी करावी, म्हणावं, साहेब, काहीतरी चुकलंय, दुसरा नमुना घेऊ या. ब्रूवेरिस मानले असते कदाचित. दोन महिने ती इंगरलीसला सांगत होती, आमची प्रयोगशाळा म्हणजे प्रयोगशाळा, आमच्याकडे एक कण इकडचा तिकडे होत नाही. आता त्या बाईला काय सांगायचं, बादलीत चीज होतं? पण खिडकीतून तिला आर्निसची पाठ दिसत होती. तो फाटकापर्यंत पोचला होता. उद्या गावात प्रत्येक जण म्हणेल, आर्निसने दार उघडं टाकलं म्हणून कारखाना गेला. त्याच्या पोराबाळांनाही म्हणेल.

तिने बादली उचलली आणि बाहेर धावली.

“आर्निस, थांब. थांब रे बाबा, दार लावलेलंच होतं.”

सगळे वळले. वेल्गा धक्क्याच्या मधोमध उभी राहिली, छातीशी बादली धरून, आणि तिचे कान इतके तापले होते की तिला स्वतःचा आवाज लांबून ऐकू येत होता.

“माल कोरडा आहे. बादली ओली होती. या बादलीत सकाळी चीज होतं. मी आणलं होतं चीज, मीच धुतली, मीच न पुसता ठेवली आणि मीच तिच्यात नमुना घातला.”

 मग मागून कुणीतरी म्हणालं, “म्हणजे बादली घरी नेली होतीत, वेल्गाताई?”

“हो. घरी नेली होती.”

काय हशा पिकला म्हणून सांगू. गोदीकामगार एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकून हसत होते. एक जण खाली बसला. बादल्यांवरून खाल्लेल्या बोलण्यांचं व्याज त्यांनी एका मिनिटात वसूल केलं. फाटकाशी आर्निस उभा होता, आधी त्याचं तोंड उघडं राहिलं, मग तोही हसायला लागला. हसला नाही तो गुनवाल्डिस. तो आर्निसकडे गेला, काहीतरी पुटपुटला, त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

ब्रूवेरिसही हसले नव्हते. त्यांनी बादली घेतली, आत पाहिलं, झाकणाला नाक लावलं.

“शहाजिरे,” ते म्हणाले.

“हो साहेब.”

“बाई, आता तुमच्या एकाही बादलीवर मी विश्वास ठेवू शकत नाही. पहिल्या दोनसुद्धा बाद. सगळे नमुने नव्याने, माझ्या हातांनी, माझ्या पिशव्यांत.”

“पण निम्म्याहून जास्त माल जहाजाच्या पोटात गेलाय,” गुनवाल्डिस म्हणाला. “आत माणूस उतरवायचा?”

“माणूस नाही,” कप्तान डेक्करने लगेच मान हलवली. जहाजाच्या पोटात कांड्यांचा ढीग श्वासाची हवा शोषून घेतो. त्याच्यावर उतरलेला माणूस झोपल्यासारखा पडतो आणि उठत नाही, ही गोष्ट कुठल्याही बंदरात कुणाला सांगावी लागत नाही.

“पंजाने काढतो ना,” आर्निस म्हणाला. तो परत आला होता आणि हातमोजे चढवत होता. “चार कोपऱ्यांत नि मध्ये, खोल घुसवून. ताडपत्री पसरा, तिच्यावर ओततो. साहेबांनी हवा तितका घ्यावा.”

“खरेदीदाराची परवानगी लागेल,” ब्रूवेरिस म्हणाले. “नमुना घ्यायची पद्धत करारात लिहिलीय. तिकडून होकार आल्याशिवाय मी दुसरी पद्धत वापरणार नाही. आणि होकारासाठी कारण सांगावं लागेल.”

सगळ्यांनी वेल्गाकडे पाहिलं. ढगांची पट्टी आता रुंद झाली होती. वेल्गाने फोन काढला आणि इंगरलीसचा नंबर लावला. फोन उचलला गेला तेव्हा तिकडून वारा, पोरांचा गलका आणि लाकडं आपटल्याचा आवाज येत होता.

“मी किनाऱ्यावर आहे,” इंगरलीस म्हणाली. “आज आमच्याकडे शेकोटी असते. जाळायची गवताची चेटकीण अजून वर बसवायचीय. बोला, भरलं का जहाज?”

त्यांच्याकडेही आजच. वेल्गाला ते माहीतच नव्हतं. का कोण जाणे, तिला जरा धीर आला. तिने सगळं सांगितलं, एका दमात, चीज, बादली, नळ, तेरा टक्के, आर्निसवर आलेलं बालंट, सगळं. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाली, “चूक माझी आहे. माल चांगला आहे. पण हे मी म्हणून उपयोग नाही, तुम्ही तपासायला परवानगी द्या.”

 वेल्गाने डोळे मिटले.

“ऐका,” इंगरलीस म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. “मोठ्या व्यापाऱ्याची जहाजं मी वर्षानुवर्षं घेतली. प्रत्येक जहाजाचा कागद स्वच्छ. एकावरही डाग नाही. आणि माझी भट्टी प्रत्येक हिवाळ्यात धुळीने गुदमरायची. मी विचारलं की सगळे म्हणायचे, आमच्याकडे सगळं व्यवस्थित आहे. कुणी मला कधी सांगितलं नाही, आमची बादली ओली होती.”

“म्हणजे...?”

“म्हणजे घ्या नमुने. पण जे झालं ते तपासणीच्या कागदावर लिहायचं. जसं सांगितलंत तसं. चीजसकट.”

“चीजसकट?”

“मला ते आमच्या सभेत वाचून दाखवायचंय. आता ठेवते, पोरांनी चेटकीण उलटी बांधलीय.”

मग जी धावपळ झाली ती विचारूच नका. ताडपत्री आली, आर्निस माकडासारखा सरसर वर चढला, पंजा जहाजाच्या पोटात खोल गेला आणि वर आला, ओतला, गेला, आला. ब्रूवेरिस पॉलिश केलेल्या बुटांनी कांड्यांच्या ढिगात घोट्यापर्यंत उभे राहिले आणि पिशव्या भरत राहिले. वेल्गाला काहीच करायची परवानगी नव्हती. ती हात मागे बांधून उभी होती आणि तिला आयुष्यात इतकं अवघड काही वाटलं नव्हतं.

तेवढ्यात फाटकातून मोटारी आत आल्या. पुढे लीगा, आर्निसची बायको, डोक्यावर झेंडूचा नि निळ्या रानफुलांचा हा एवढा मुकुट, मागे अख्खं गाव.

“नवरा येत नाही म्हणून मीच आले,” ती म्हणाली. “पाहुण्यांना किती वेळ बसवू? पाव इथेच कापा. आणि कोण गं ते बादलीत चीज आणणारं?”

बातमी गावात कधीच पोचली होती. वेल्गाने तोंड लपवलं.

पत्र्याच्या खोलीचं दार उघडलं. ब्रूवेरिस उंबऱ्यावर उभे राहिले आणि त्यांनी धक्क्याकडे पाहिलं. तिथे आता शंभरेक माणसं होती आणि एकही हलत नव्हतं. ते मुद्दाम थांबले असं माझं मत आहे.

“सहा पूर्णांक नऊ दशांश,” ते म्हणाले. “सगळीकडे.”

लीगाने सुरुवात केली आणि सगळ्यांनी गाणं उचललं. वर आर्निसने भोंगा वाजवला आणि थांबवेचना. पाव बाजूला पडला. ज्यांना यायचं नव्हतं ते पाहुणेही गोदामात घुसले आणि फावड्याने ढीग पंजापाशी ढकलायला लागले, मुकुट घातलेले, सणाच्या कपड्यांत, धुळीने माखलेले. गुनवाल्डिसच्या हातात फावडं, त्याच्या शेजारी कप्तान. ढग डोक्यावर आले, वारा पडला, सगळ्यांना वाटलं आता गेलं. शेवटचा पंजा रिकामा झाला, झाकण करकरत बंद झालं, आणि त्यावर पहिला थेंब पडला. मग असा पाऊस झाला की सगळे गोदामात चिकटून उभे राहिले आणि तिथेच पाव कापला.

ब्रूवेरिसनी कागद वेल्गासमोर ठेवला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: माल, लाकडाच्या कांड्या, उत्पादक, एग्लुपे. तिने हे नाव छापलेलं बघायला किती वर्षं वाट पाहिली होती. आणि खाली, शेऱ्याच्या जागी, नीटनेटक्या अक्षरात: ‘पहिले तिन्ही नमुने रद्द. तिसऱ्याच्या बादलीत आधी लीगो सणाचं चीज ठेवण्यात आलं होतं. प्रयोगशाळाप्रमुखांनी स्वतः ही माहिती दिली. शहाजिऱ्याचं एक बी आढळलं.’

“हे डेन्मार्कच्या सरकारी माणसांनाही दिसणार?” तिने विचारलं.

“ज्याला ज्याला माल जाईल त्याला,” ब्रूवेरिस म्हणाले. मग पेनाला टोपण लावत, “चीज उरलंय का?”

पाऊस उघडला. जूनचं ऊन आमच्याकडे उशिरापर्यंत मावळत नाही, सगळं लख्ख धुतलेलं दिसत होतं. कप्तानाच्या डोक्यावर लीगाने ओकचा मुकुट चढवला, त्याने तो टोपीवरच घातला आणि हेंड्रिका निघाली. माणसं धक्क्याच्या टोकापर्यंत धावत गेली. गुनवाल्डिस लहान पोरासारखा हात हलवत होता. वेल्गा मात्र जागची हलली नाही, कारण तिच्या हातातला फोन वाजला होता.

फोटो होता. पलीकडच्या किनाऱ्यावरची शेकोटी, भली मोठी, आणि तिच्या टोकावर उलटी चेटकीण. खाली इंगरलीसने लिहिलं होतं, ‘कागद मिळाला, आकडा बघितला. पुढचं जहाज सप्टेंबरात, मग दर महिन्याला. करार उद्या नाही, परवा पाठवते, उद्या मी झोपणार आहे. नवीन बादल्या घ्या.’

वेल्गाने ते दोनदा वाचलं. मग तिने भावाला हाक मारली, आणि फोन त्याच्या हातात देऊन ती तिथेच, ओल्या दगडावर बसली आणि मनसोक्त रडली. गुनवाल्डिसने वाचलं, मोठ्याने वाचलं, परत वाचलं. लोकांनी दोघांनाही उचललं.

बऱ्याच वेळाने ती उठली, आपल्या मोटारीकडे गेली आणि मागचं दार उघडलं. आत नमुन्यांच्या टेबलावरून आवरून ठेवलेल्या पांढऱ्या बादल्यांची चळत होती. तिने एकेक काढून खाली मांडायला सुरुवात केली.

“हे काय, वेल्गाताई?” आर्निस जवळ आला. त्याच्या डोक्यावर ओकची पानं होती आणि हातात बिअरचा मग.

“न्या,” ती म्हणाली. “सगळ्या न्या. मला नवीन येणारेत.”

आर्निसने बादलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि जरा संशयानेच एक उचलून काखेत मारली. चार पावलं गेला असेल.

“अरे, झाकण विसरलास,” वेल्गाने मागून हाक मारली आणि झाकण घेऊन त्याच्यामागे धावली.